बुरुजातली लिबेरा

नेपल्स, १९ ऑगस्ट १८२०

चि. एउजेनियो यास आत्याचे आशीर्वाद.

तुझं मार्सेयहून आलेलं पत्र सान रोक्कोचा सण झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी हातात पडलं. तुझ्या आईची, राफाएलावहिनीची, सांधेदुखी कमी आहे हे वाचून बरं वाटलं. तिला सांग, कलिंगडं यंदा गोड आहेत, पण तिच्यासारखी कापून देणारं कोणी नाही. माझं चाललं आहे. हातमोजे शिवून डोळे अधू झाले, तरी दुकानदार अजून काम माझ्याकडेच पाठवतो, कारण नव्या पोरींना अंगठा नीट बसवता येत नाही.

बाकी इकडे आनंदीआनंद आहे. जो तो छातीवर रंगीत फीत लावून फिरतो. राज्यघटना मिळाली, राजाने बायबलवर हात ठेवून शपथ घेतली. याच राजाने एकवीस वर्षांपूर्वी तुझ्या बापाला फाशी दिलं, त्यामुळे त्याच्या शपथेने मला काही गहिवरून आलं नाही. तुला राग येईल. पण तू तिकडे लहानाचा मोठा झालास, आणि दुरून डोंगर साजरे दिसतात. मध्ये फ्रेंचांची दहा वर्षं होती तेव्हा सगळे परागंदा लोक परत आले. तुला मात्र तुझ्या आईने येऊ दिलं नाही. तेव्हा मी तिच्यावर रुसले होते, आता नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मार्सेयच्या मंडळींनी तुझ्या बापाचं चरित्र छापायचं ठरवलं आहे, ते तू लिहिणार, आणि त्याने फाशीच्या वेळी उच्चारलेलं वाक्य पहिल्या पानावर घालणार: ‘मी मरतो, स्वातंत्र्य मरत नाही.’ वाक्य चांगलं आहे. ते त्याने कसं उच्चारलं, कोणाकडे बघून, आवाज कसा होता, हे आत्याने सविस्तर कळवावं, अशी तुझी इच्छा.

बाळा, त्या दिवशी मी घरात होते. खिडक्यांच्या फळ्या लावून घेतल्या होत्या. तेव्हा ते मला विचारू नकोस. मला जे ठाऊक आहे ते लिहिते.

तुझा बाप आनिएल्लो नोटरीच्या कचेरीत कारकून होता. टाक तोंडात धरायची खोड, त्यामुळे खालचा ओठ कायम काळा. घरात मीठ संपलं तर त्याच्या लक्षात यायचं नाही, पण मासळीबाजारात कोण कोणाला काय म्हणालं ते शब्द न चुकता येऊन सांगायचा. राजा सिसिलीला पळाला, फ्रेंच आले आणि आमचं प्रजासत्ताक झालं, तेव्हा गावातली सगळी शहाणी माणसं पत्रकं काढायला लागली. त्यात ग्रीक आणि रोमन नावांची खैरात. ती भिंतीवर चिकटवली की बायका विचारायच्या, “यात तेलाचा भाव कुठं लिहिलाय?” आनिएल्लो एकटा बाजारच्या बोलीत लिहायचा. संध्याकाळी मी घेवडा सोलत बसायची आणि तो लिहिलेलं वाचून दाखवायचा. मी हात थांबवून ऐकलं तर ओळ ठेवायचा, सोलत राहिले तर खोडायचा. तुझी आई म्हणायची, “वन्सं, तुम्ही घेवडा सोलता की राज्य चालवता?”

पण लिहून काय होतं? ज्यांच्यासाठी लिहायचं त्यांना अक्षरओळख नव्हती. म्हणून तो मोलोवर गेला. मोलो म्हणजे आपला बंदराचा धक्का. तू चार-पाच वर्षांचा होतास, बापाच्या खांद्यावर बसून तिथे जायचास, आठवतं का कोण जाणे. तिथे दुपारी डॉन सोस्सियो कथा सांगायचा. हातात काठीची तलवार, तोंडात शूर सरदार आणि सारासेनांच्या लढाया. कोळी, हमाल, जाळी विणणाऱ्या बायका, सगळी पायऱ्यांवर बसलेली. आनिएल्लोने त्याला आपलं पत्रक वाचून दाखवलं आणि म्हणाला, “कथेच्या मध्येच हे घाला.”

सोस्सियो म्हणाला, “डॉन आनिएल्लो, काढा कडू आहे. माझी माणसं थुंकून टाकतील.”

“मग कसा पाजायचा?”

“बाई पाहिजे. देखणी. कुणीतरी कोंडून ठेवलेली. ती नसेल तर डोक्यावर माशाची पाटी घेऊन उन्हात कोण थांबेल?”

अशी लिबेरा जन्माला आली. तुझा बाप घरी आला तो नाचतच. स्वातंत्र्याची त्याने राजकन्या केली, एका जुलमी राजाने तिला बुरुजात कोंडलं, आणि पत्रकातला एकेक मुद्दा तिच्या तोंडी घातला. पिठावरचा कर, जहागीरदारांची वेठ, सगळं ती खिडकीतून बोलायची. थोड्याच दिवसांत मासळीबाजारात बायका भांडतानाही तिचीच वाक्यं वापरायला लागल्या. मला वाटतं, त्याच्या आयुष्यातले सुखाचे दिवस तेवढेच.

कागद माझ्याजवळ एकही नाही. निकालानंतर जल्लादाने चौकात जाळले, उरलेल्यांत कोणी खारे मासे बांधले असतील. सोस्सियो मात्र आहे. थकला आहे, पण मोलोवर येतो, आणि लिबेराची कथा अजून सांगतो. तू आलास की ऐक. तुला आवडेलच असं नाही.

वरची खोली चुना लावून ठेवते. येताना पांढरं रेशीम आण, इथलं तुटतं. राफाएलाला माझी आठवण सांग, आणि राजाच्या शपथेवर विसंबून तिकडचं बिऱ्हाड मोडू नका म्हणावं.

वाट बघणारी,
आत्या कांदिदा


नेपल्स, १४ जानेवारी १८२१

चि. एउजेनियो,

आशीर्वाद. तू निरोप न घेता गेलास, तेव्हा पत्र कुठे घालायचं हे कळत नव्हतं. मग मेनेल्लाने सांगितलं की तू स्वयंसेवकांच्या पलटणीत नाव घातलंस आणि लाक्विलाच्या छावणीत आहेस. मेनेल्ला म्हणजे आपल्या गल्लीच्या तोंडाशी आतडी शिजवून विकते ती. तिचा जावई तुमच्याच पलटणीत रसद वाहतो, त्याच्या हाती हे पत्र आणि तुझे लोकरी पायमोजे पाठवते. ते खाटेखाली राहिले होते. तिकडे डोंगरात बर्फ आहे म्हणतात.

इथे नाताळात कोणाचं लक्ष नव्हतं. राजा परदेशी राजांना भेटायला गेला तो गेलाच, आणि आता ऑस्ट्रियाची फौज घेऊन परत येईल अशी बोलवा आहे. मी आधीच म्हटलं होतं, असं म्हणणाऱ्या बायका मला आवडत नाहीत, म्हणून म्हणत नाही.

तू गेलास त्या दिवसाबद्दल लिहायचं आहे. सोस्सियोच्या तोंडी तू लिबेराची कथा ऐकलीस, आणि त्या कथेत तिला याकोबिनांनी कोंडलेलं, म्हणजे तुझ्या बापाच्याच माणसांनी. तुझा चेहरा मी पाहिला. तुला वाटलं, म्हाताऱ्याने राजाच्या भीतीने कथा फिरवली. तसं झालं नाही. ती सोस्सियोने फिरवली नाही. लोकांनी फिरवली, आणि तीही राजा परत यायच्या आधी. हे तुला आधीच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण एक धागा ओढला की दुसरा निघतो.

तू मोलोवर उभा होतास तेव्हा समोर काय दिसत होतं? किल्ला. कास्तेल नुओवो, त्याचे ते मोठे काळे बुरूज. सोस्सियोला कथेत ‘बुरूज’ म्हणायचं असलं की तो काठी त्या किल्ल्याकडे रोखायचा. बसल्या जागेवरून दुसरा बुरूज दिसतच नाही, तो तरी काय करणार? रोज दुपारी काठी तिकडे, आणि रोज दुपारी तिथे लिबेरा रडतेय. मग जून महिन्यात राजासाठी लढणाऱ्या कार्डिनलची फौज शहरात शिरली आणि प्रजासत्ताकाची माणसं मागे हटत हटत त्याच किल्ल्यात गेली आणि दारं लावून बसली. लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. किल्ला तोच, दारं बंद, आत याकोबिन. त्यांना आणखी काय पुरावा हवा होता?

ते कार्डिनलच्या बाजूने धावले ते राजासाठी नाही रे. लूट करणारे होते, नाही असं नाही. पण आपल्या गल्लीतले हमाल, जाळी विणणारे, ज्यांना तुझा बाप नावानिशी ओळखत होता, ते तिला सोडवायला धावले. तुझा बाप आत तटावर होता. खालून हजारो माणसं ओरडत होती, “लिबेराला सोडा.” हे त्याने मला तुरुंगात भेटीच्या वेळी सांगितलं. सांगताना तो हसत होता, मग हसायचा थांबला. म्हणाला, “कांदिदा, एकही मुद्दा विसरले नव्हते. पिठाचा कर, वेठ, सगळं माझ्यावरच ओरडत होते.”

किल्ला शरण आला. आतल्यांना जहाजातून फ्रान्सला जाऊ देऊ असं वचन दिलं होतं. तुला आणि तुझ्या आईला नेणारं जहाज सुटलं, तुझ्या बापाचं बंदरातच अडवलं आणि त्याला उतरवून तुरुंगात टाकलं. हे तुला माहीत आहे. तुला माहीत नाही ते असं, की लोक किल्ल्यात शिरले आणि त्यांना लिबेरा सापडली नाही. मग ते म्हणाले, यांनी तिला दुसरीकडे हलवलं. मग घरं सुरू झाली. ज्याच्या घरी कधी पत्रक दिसलं होतं त्याचं घर. भिंती फोडल्या, विहिरी उपसल्या. आपल्या मागच्या गल्लीतला औषधवाला डॉन प्लाचिदो, त्याच्या दुकानामागच्या कोठीला कुलूप होतं. त्याने किल्ली शोधायला वेळ लावला म्हणून त्याला सज्जातून खाली टाकला. कोठीत वाळलेली मुळं निघाली. हे सगळं तिला शोधताना.

आता तू केलंस ते. भर कथेत तू उठलास आणि दगडावर चढून म्हणालास, “थांबा. ही कथा माझ्या वडिलांनी लिहिली आहे. तिला याकोबिनांनी नाही, राजाने कोंडलं होतं.”

मेनेल्ला म्हणाली, “बरं बाबा, राजाने कोंडली. मग सुटली का ते सांग आणि बस खाली.”

जाळीवाल्यांपैकी कोणीतरी म्हणालं, “पोरगं पुस्तकातलं बोलतंय. पोटात काही गेलेलं दिसत नाही. मेनेल्ला, वाडगाभर आतडी दे त्याला.”

सगळे हसले. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, आपलं पोर चुकलं की हसतात तसे हसले. पण तुला ते सोसलं नाही. तू ओरडलास, “अशी कोणी बाई नाही. बाई नाहीच मुळी, मूर्खांनो.” मग तुझ्या अंगावर लिंबाच्या साली आल्या.

मी तुझा हात सोडून खाली बसले, ते तू पाहिलंस. तुला वाटलं मला तुझी लाज वाटली. तसं तू जाताना मेनेल्लाजवळ बोललास. एउजेनियो, मला लाज वाटली नव्हती, मी घाबरले होते. सोस्सियोही घाबरला होता. तू तरातरा निघून गेल्यावर तो काठी टेकत माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “कांदिदाबाई, पोराला माहीत आहे?”

“नाही.”

“मग हे त्याच्या तोंडात कुठून आलं?”

“रागातून.”

तो पायरीवर बसला. म्हणाला, “बाई, इतकी वर्षं मी तिला बुरुजातून काढली नाही. सोडवली असती तर धंदा बसला असता, मारली असती तर लोकांनी मला मारलं असतं. पण खरं कारण ते नाही. तुम्हाला ठाऊक आहे.” मला ठाऊक होतं. मी त्याला घरी येऊन सूप पी म्हटलं, तो आला नाही.

मी ताकाला जाऊन भांडं लपवते आहे हे तुला कळलं असेल. लपवू दे. छावणीत पाय कोरडे ठेव. तुमचे पुढारी इथे चौकात फार मोठमोठं बोलतात आणि मग कॉफी प्यायला जातात, त्यांच्या नादाने पुढे पुढे करू नकोस. घोडा मैदान जवळच आहे, कोण किती पाण्यात ते कळेल.

काळजीत असलेली,
आत्या


नेपल्स, २४ फेब्रुवारी १८२१

एउजेनियो, माझ्या बाळा,

तुझं पत्र मेनेल्लाच्या जावयाने आणून दिलं. कागद भिजून शाई पसरली होती, पण जे वाचायला नको होतं ते नेमकं वाचता आलं.

आधी इथली बातमी. डॉन सोस्सियो गेला. मेणबत्त्यांचा सण झाला आणि त्याच्या छातीत कफ भरला, मग फार दिवस काढले नाहीत त्याने. मोलोवरच्या लोकांनी मिळून त्याला चांगला निरोप दिला, ढोलकीवालाही होता. मला त्याचं फार वाईट वाटलं. गेले काही आठवडे मी रोज त्याच्याकडे सूप घेऊन जात होते आणि आम्ही दोघं एकाच गोष्टीबद्दल गप्प बसत होतो. आता एकटीने गप्प बसणं मला जड जातं.

तू लिहितोस, की अर्धी पलटण कोणाला न सांगता घरी निघून गेली, दारूगोळा येत नाही, वरचे अधिकारी एकमेकांच्या तोंडाकडे बघताहेत. तरी तू आणि तुझे दहा-बारा मित्र खिंडीत थांबणार. ऑस्ट्रियन येतील, तुम्ही पडाल, आणि पडताना तू बापाचंच वाक्य बोलणार. ‘मी मरतो, स्वातंत्र्य मरत नाही.’ आपल्या काफिएरोंच्या घरात हे दुसऱ्यांदा बोललं जाईल, असं तू लिहिलंस. आईला कळवू नकोस, असंही लिहिलंस.

दुसऱ्यांदा नाही रे. पहिल्यांदाच बोललं जाईल. तुझा बाप हे बोलला नव्हता.

त्या दिवशी मी घरात नव्हते. मेर्कातोच्या चौकात होते, अगदी पुढे, फाशीच्या ओट्यापाशी. याकोबिनाची बहीण म्हणून कोणी ओळखलं असतं तर मारलंच असतं, म्हणून मेनेल्लाने तिची ओढणी माझ्या डोक्यावर टाकली आणि दंडाला धरून गर्दीतून मला पुढे नेलं. त्याला एक आपला चेहरा दिसावा एवढंच मला हवं होतं. आणि तो त्याला दिसला. त्याने मान किंचित हलवली, रडू नकोस अशा अर्थी, म्हणून मी रडले नाही.

सप्टेंबर होता, ऊन होतं, भोपळ्याच्या बिया विकणारे फिरत होते. त्याला आणलं. सोबत पांढऱ्या बुरख्यातले धर्मबंधू क्रूस धरून. तो फार वाळला होता. मला वाटलं लोक शिव्या देतील, त्यासाठी मी मन घट्ट केलं होतं. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी विचारलं.

“डॉन आनिएल्लो, कुठं ठेवलीत तिला?”

“आता तरी सांगा. मरताना खोटं बोलू नये.”

“तिला कोण जेवायला घालतंय? उपाशी मरेल हो पोरगी.”

मेनेल्लाही विचारत होती. एका हाताने माझा दंड घट्ट धरला होता आणि रडत ओरडत होती, “सांग रे बाबा, कुठं आहे ती.” तिला माझी दया येत होती आणि लिबेराचीही. एउजेनियो, त्यांच्यातल्या कित्येकांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना खरोखरच तिची काळजी लागली होती. तुझ्या बापाने जन्मभर लोकांना हीच काळजी लावायची धडपड केली होती, आणि ती अशी समोर आली.

तो थांबला. बंधूने क्रूस ओठांशी नेला तो मान फिरवून टाळला. आणि मग म्हणाला, मोठ्याने नाही, बाजारात गिऱ्हाइकाशी बोलतात तसं, “अशी कोणी बाई नाही. मी बनवून सांगितलं. कुणाच्या घरात शोधू नका. मला माफ करा.”

एवढंच. आणखी एक शब्द नाही.

मग कोणीतरी म्हणालं, “खोटारडा.” मग दगड आले आणि जल्लादाने घाई केली. मागे उभं राहणाऱ्यांना काही ऐकू गेलं नव्हतं, ते एकमेकांना विचारत होते, काय म्हणाला, काय म्हणाला. मेनेल्ला आजही म्हणते की तो खोटं बोलला, बिचाऱ्याला सांगायची भीती वाटली असेल. तुझं ते वाक्य फ्रेंचांच्या काळात परत आलेल्या कुणा वकिलाने एका मेजवानीत म्हणून दाखवलं आणि ते पसरलं. मला विचारायला आले तेव्हा मी म्हटलं, मी घरात होते.

मी का लपवलं ते सांगते. मला त्याचा राग आला होता. इतकी माणसं फासावर गेली, बायका-पोरं देशोधडीला लागली, तुझी आई तिशीत म्हातारी झाली, आणि हा वर उभा राहून म्हणतो ती नव्हतीच. त्याच्या मित्रांनी हे ऐकलं असतं तर त्याला भ्याड म्हटलं असतं, आणि राजाच्या माणसांनी तर त्याची जाहिरात केली असती. बघा, त्यांचा लेखकच म्हणतो स्वातंत्र्य म्हणून काही नसतं. म्हणून मी गप्प बसले. पण रात्रंदिवस मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते की तू असं का बोललास.

राग गेला तो एकदम नाही गेला. हळूहळू मला त्याचं मधलं वाक्य ऐकू यायला लागलं. कुणाच्या घरात शोधू नका. औषधवाल्या प्लाचिदोचं काय झालं हे मीच त्याला तुरुंगात सांगितलं होतं. रोज कुणाची ना कुणाची भिंत फुटत होती. त्याच्याजवळ बोलायला दोन श्वासांचा वेळ होता, त्यात स्वतःचं नाव राखता आलं असतं. तो वेळ त्याने शेजाऱ्यांच्या घरांवर खर्च केला. उपयोग काही झाला नाही. त्याच संध्याकाळी आणखी दोन घरं फोडली, एकात तर नुसती आजारी बाई होती. तरी मला आता वाटतं की त्याने जे काही लिहिलं-बोललं त्यात हेच सगळ्यांत चांगलं होतं. मला नीट समजावून सांगता येत नाही. तू लिहिणारा आहेस, तुला कदाचित येईल. सोस्सियोही त्या दिवशी ओट्यापाशी होता, आणि ती बुरुजातच आहे असं वाटेल तोवर लोक घरं शोधणार नाहीत, म्हणून त्याने तिला तिथून कधी काढली नाही.

आता माझं ऐक. तू खिंडीत कोणासाठी थांबला आहेस? ज्या वाक्यासाठी थांबलास ते एका वकिलाने पोटभर जेवल्यावर बनवलेलं आहे. तुझ्या बापाचं खरं वाक्य बोलायचं असेल तर त्यासाठी कोणाला मरावं लागत नाही. तू राहिलास तरी ऑस्ट्रियन येणार आणि गेलास तरी येणार. मेनेल्लाच्या जावयाला सगळ्या आडवाटा माहीत आहेत, तो हे पत्र देईल आणि तुझ्यासाठी एक दिवस थांबेल. त्याच्याबरोबर किनाऱ्याकडे उतर आणि मिळेल त्या जहाजाने आईकडे जा. इकडे येऊ नकोस, इथे पुन्हा घरं शोधायला लागतील. लोक तुला पळपुटा म्हणतील. म्हणू देत. तुझ्या बापाला खोटारडा म्हणाले होते.

हे तू पुस्तकात घालायचंस की नाही, ते तू ठरव. घातलंस तर मार्सेयची मंडळी चिडतील, नाही घातलंस तर ते माझ्याबरोबर जाईल. माझी साठी उलटली आहे, खोकला आहे. सोस्सियो गेल्यापासून ते वाक्य जसंच्या तसं खरं मानणारी मी एकटी उरले होते, आता आपण दोघं आहोत.

आणखी एक. राफाएलाने पहिल्या वर्षी मला एकच पत्र लिहिलं होतं, त्यात एकच प्रश्न होता, तो शेवटी एकटा होता का. मी कसं लिहिणार होते? मी घरात होते ना. तिने पुन्हा कधी विचारलं नाही आणि मीही कधी उत्तर दिलं नाही. कागदावर ते मला आजही जमणार नाही. तू तिच्यासमोर जाऊन बस, तिचा हात हातात घे आणि तिला सांग, नव्हता.

त्याची बहीण,
कांदिदा